फळ्याचा उजवा कोपरा

येरंडीटोल्याच्या शाळेत फळा एकच,
त्याचा उजवा कोपरा माझा.
बाकीच्यावर वजाबाकी, जोडाक्षरं,
खाली पट सदतीस, हजर एकतीस
(धानाची चुरणी सुरू आहे, सहा जण खळ्यावर).
कोपऱ्यात तीन ओळी मावतात.
दिनविशेषाच्या पुस्तकात
आजच्या तारखेला नऊ.

म्हणजे रोज सकाळी पावणेदहाला
सहा गोष्टी घडल्याच नाहीत
असं मी ठरवते,
उभ्या उभ्या, ओल्या फडक्यानं.

तीन डिसेंबर.
पहिल्या राष्ट्रपतींचा जन्म. राहू दे, परीक्षेत येतो.
एकाहत्तरची लढाई, तीही संध्याकाळी सुरू झालेली,
शाळा सुटल्यावर.
चौऱ्याऐंशी, भोपाळ.
भोपाळ लिहिलं की पुढे ‘हजारो’ लिहावं लागतं
आणि तिसरीतल्या पोरांना हजारो फार आवडतात.
किती शून्यं, बाई?
मी शून्यं सांगत नाही,
खिडकीतून तळ्याकडे बघते.

उरली एक ओळ.
सदुसष्ट साल. एका माणसाचं हृदय
पहिल्यांदाच दुसऱ्या माणसात.
पुस्तकात डॉक्टरांचं नाव आहे,
ज्याच्या छातीत बसवलं त्याचं आहे.
जिचं होतं ती पंचवीस वर्षांची,
रस्त्यात गाडीनं उडवलेली,
एवढंच. पुढे पूर्णविराम.

पारबताबाई नैताम खिचडी शिजवते.
तिला वाचता येत नाही,
पण कोपरा रोज बदलतो हे तिला दिसतं.
डाळ धुऊन दारात येते,
पदरानं डोळ्यांतला धूर पुसत:
का लिवलं जी बाई आज?
मी सांगते.
तिचा पुढचा सवाल ठरलेला:
मंग मेले का वाचले?

तहावर, राज्याभिषेकावर, विमानाच्या शोधावर,
सगळ्यांवर तिचा हाच सवाल.
पहिल्यांदा मी हसले होते.
आता पुस्तक उघडलं की
आधी तेच शोधते, आणि
पुस्तकात ते बहुतेकदा नसतं.

तिच्याकडे तारखा नाहीत.
तळ्याची पाळ फुटली ते साल,
कोतवालाच्या गोठ्यात वाघीण बसली ते साल,
लाईट आली त्याच्या आदल्या आठवड्यात
मोठी पोरगी...
इथे ती नेहमी झाकण उचलून बघते
पाणी आटलं का ते.
आधार कार्डावर ती एक जानेवारीला जन्मली.
नवरा एक जानेवारीला,
सासू, दीर, पलीकडचे मडावी सगळे,
अख्खा टोला एकाच दिवशी.
एक जानेवारीला शाळेत
मी कधीच हे लिहिलं नाही.

आज तिला हृदयाचं सांगितलं.
हातातला कालथा थांबला.
दुसरीचं काळीज? जित्या माणसात?
हो.
मंग वाचला का?
अठरा दिवस.
ती गप्प. चुलीत मोहाचं लाकूड तडतडलं.
मला वाटलं, म्हणेल, एवढ्यासाठी!
ती म्हणाली,
मंग त्या पोरीचं काळीज
अठरा दिवस जास्त जगलं म्हना.

एवढं बोलून तिनं मीठ टाकलं
आणि ताटं मांडायला पोरांना हाक दिली.

मी वर्गात गेले.
राष्ट्रपती पुसले. (परीक्षेत येऊ देत.)
त्या जागी लिहिलं:
आज एका मुलीचं हृदय
तिच्यानंतरही चालू राहिलं.
दिवस अठरा.
चौथीतल्या क्षितिजानं विचारलं,
बाई, ह्याच्यात साल नाही,
हे पाठ कसं करायचं?
मला सांगता आलं नाही.

चार वाजता घंटा झाली. फडकं ओलं केलं.
उद्या चार डिसेंबर. पुस्तकात बघून ठेवलंय:
अठराशे एकोणतीस, सतीची चाल बंद,
कायदा झाला.
उद्या ती विचारेल तेव्हा
वाचल्या, म्हणता येईल.
कागदावर तरी.
आणि ती म्हणेल
कोन कोन?